नांदत नाही, सुटतही नाही

बीड जिल्ह्यात घटस्फोट फार होत नाहीत, असं बीडचे लोक अभिमानाने सांगतात आणि पुण्या-मुंबईचे लोक कौतुकाने ऐकतात. शहरात लग्नं मोडतात, गावात टिकतात; शिकलेल्या पोरी ऐकत नाहीत, अडाणी पोरी निभावून नेतात; कोर्टात गर्दी वाढली ती मोबाइल आणि नोकरीमुळे. कीर्तनातून आणि मांडवातल्या आशीर्वादपर भाषणांतून हे इतक्यांदा कानावर पडलं आहे की त्याला पुरावा लागतो याचाच विसर पडावा. हे पुस्तक त्या समजुतीशी भांडायला निघालं आहे. बीडमध्येही शहराइतकेच घटस्फोट होतात, असा मात्र या पुस्तकाचा दावा नाही. घटस्फोट तिथे खरोखरच कमी आहेत. मोडलेली लग्नं कमी आहेत का, हा प्रश्न वेगळा. या दोन प्रश्नांच्या मधल्या जागेत माहेरी येऊन बसलेल्या बायकांची सगळी उमर जाते.

२०११च्या जनगणनेत देशभरात सुमारे १३.६ लाख माणसं घटस्फोटित म्हणून नोंदली गेली आणि सुमारे ३५ लाख विभक्त म्हणून, म्हणजे वेगळी राहणारी, पण कायद्याने अजून नवरा-बायकोच. त्याआधी या दोघांना एकाच रकान्यात कोंबलं जाई. रकाना वेगळा झाला आणि दिसलं की कोर्टातून सुटलेल्यांच्या अडीच पट माणसं न सुटता वेगळी राहत आहेत. या विभक्तांत सुमारे २४ लाख बायका होत्या आणि पुरुष त्यांच्या निम्मे. एक लग्न मोडलं की एक बाई आणि एक पुरुष सुटा होतो, मग बायका दुप्पट कशा? बाकीच्या पुरुषांची गणती बहुधा ‘विवाहित’ या रकान्यात झाली. त्यांच्या घरात दुसरी आलेली होती. जनगणनेच्या कोरड्या तक्त्यात असा एखादा आकडा सापडतो, की त्याच्याकडे थांबून बघितलं तर अर्धं समाजशास्त्र तिथेच उलगडतं.

याच जनगणनेच्या आधारे सूरज जेकब आणि श्रीपर्णा चट्टोपाध्याय यांनी २०१६ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त भारतातल्या विवाहविच्छेदाचा प्रदेशवार आढावा घेतला. मिझोराममध्ये घटस्फोटितांचं प्रमाण ४.०८ टक्के निघालं. देशाचं प्रमाण पाव टक्क्याच्या आसपास. उत्तर प्रदेश, बिहार, हरयाणा, राजस्थान हा पट्टा तळाशी, तर महाराष्ट्र मोठ्या राज्यांत वरच्या बाजूला. मिझोराम हे काही चंगळवादी महानगर नव्हे. तिथे वधूमूल्याची रीत आहे, लग्न मोडण्याचे जमातीचे नियम आहेत, आणि लग्न मोडलेल्या बाईकडे कोणी बोट दाखवत नाही. घटस्फोट म्हणजे शहरीकरणाचा रोग, हे निदान इथेच लंगडं पडतं.

नवख्या वाचकाने एक गोष्ट आधी ध्यानात घ्यावी. दोन प्रदेशांचे आकडे शेजारी मांडले की तुलना झाली, असं या विषयात होत नाही. युरोप-अमेरिकेत वर्षभरात दर हजार लोकसंख्येमागे किती घटस्फोट मंजूर झाले हे मोजतात. भारतात, गोव्याचा अपवाद सोडला तर, जन्म-मृत्यूसारखी घटस्फोटाची नागरी नोंद होत नाही. मग कोणी कोर्टात दाखल झालेल्या अर्जांची संख्या घेतो. पण अर्ज कुठे दाखल होतो? केज तालुक्यातलं जोडपं चाकणला खोली करून राहिलं आणि तिथे बिनसलं, तर खटला पुणे जिल्ह्यात दाखल होऊ शकतो. मोडलेलं लग्न बीडचं, आकडा पुण्याचा. जनगणना आणखी तिसरंच काही मोजते: मोजणीच्या दिवशी किती जण घटस्फोटित अवस्थेत आहेत. ज्यांनी पुन्हा लग्न केलं ते त्या यादीतून पुसले जातात. जिथे दुसरं लग्न सहज होतं, तिथे कितीही लग्नं मोडोत, आकडा लहानच राहतो.

हा विषय जन्मला तोच प्रदेशाप्रदेशांतल्या फरकांतून. १८८०च्या दशकात जाक बर्तियों या फ्रेंच लोकसंख्याशास्त्रज्ञाने युरोपातले देश आणि स्वित्झर्लंडचे कँटन यांची आकडेवारी शेजारी ठेवली आणि घटस्फोट जिथे जास्त तिथे आत्महत्याही जास्त असं दाखवलं. एमिल दुर्खीमने १८९७च्या आपल्या आत्महत्येवरच्या ग्रंथात हाच धागा उचलला. त्याच्या लेखी घटस्फोट हे समाजाची वीण सैल झाल्याचं लक्षण होतं. पुढे विल्यम गूड या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने वर्गाचा मुद्दा आणला: कायदेशीर घटस्फोट महाग आणि अवघड असतो तोवर तो वरच्या थराची चैन असतो, तो सोपा झाला की तळातल्या लोकांत त्याचं प्रमाण वाढतं. अर्थशास्त्रज्ञांनी त्यांच्या स्वभावाप्रमाणे लग्नाचा नफा-तोटा मांडला; बाईच्या हाती स्वतःची कमाई आली की तोट्याचं लग्न ती सोडते, हा त्यांचा सिद्धांत. बीडमधली ऊसतोड करणारी बाई पुरुषाच्या बरोबरीने राबते, तरी सोडून जाऊ शकत नाही. तिची कमाई तिच्या हातात पडते कुठे, हा प्रश्न या सिद्धांताने विचारलाच नव्हता.

मला स्वतःला या साऱ्या मांडणीत सर्वांत जास्त शिकवून गेला तो आग्नेय आशियाचा अनुभव. मलायातले केलंतान-तेरेंगानू हे प्रांत आणि पश्चिम जावा, इथे विसाव्या शतकाच्या मध्याला घटस्फोटाचं प्रमाण जगातल्या सर्वाधिक प्रमाणांपैकी होतं. मुलींची लग्नं अल्पवयात, आईबापांनी ठरवलेली. ती भराभर मोडत, मुलगी माहेरी येई आणि थोड्याच दिवसांत दुसऱ्याची होई. पुढे मुली शाळेत टिकल्या, लग्नाचं वय वाढलं, जोडीदार पसंत करण्यात त्यांना वाटा मिळाला, आणि घटस्फोट झपाट्याने घटले. गॅव्हिन जोन्स यांनी १९९४च्या आपल्या ग्रंथात हा उलटा प्रवास सविस्तर मांडला आहे. जपानमध्येही एकोणिसाव्या शतकात घटस्फोट सर्रास होते. १८९८च्या नागरी कायद्यानंतर ते उतरले.

हे चित्र बीडशेजारी ठेवून बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, महाराष्ट्रातल्या २० ते २४ वर्षांच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. बीडमध्ये हे प्रमाण ४३.७ टक्के. शेजारच्या परभणीत त्याहून जास्त. म्हणजे कच्च्या वयातली, दुसऱ्यांनी ठरवलेली लग्नं जावाप्रमाणे इथेही आहेत. जावात त्यांतून घटस्फोट निपजले, बीडमध्ये टाकलेल्या बायका. तिथे मोडलेल्या लग्नानंतर बाईला दुसरं दार उघडं होतं. इथे ते कधीकाळी उघडं होतं आणि नंतर बंद झालं.

ते कसं बंद झालं, हा या पुस्तकाच्या ऐतिहासिक भागाचा विषय आहे. महाराष्ट्रातल्या बहुसंख्य जातींत काडीमोड म्हणजे सोडचिठ्ठी आणि पाट म्हणजे बाईचं दुसरं लग्न, या दोन्ही रीती होत्या. एल्फिन्स्टनच्या काळात आर्थर स्टील या कंपनीच्या अधिकाऱ्याने दख्खनच्या जातीजातींतल्या चालीरीती नोंदवल्या, त्यांत सोडचिठ्ठीचे आणि दुसऱ्या लग्नाचे कितीतरी प्रकार येतात. लग्न हा न तुटणारा संस्कार मानणारे लोक मूठभर होते. बाकीच्यांचं लग्न पंचांसमोर जुळे आणि पंचांसमोर तुटे. त्या पंचांना मी भाबडेपणाने न्यायी म्हणणार नाही. दंड बाईच्याच बापाला जास्त पडे, मुलं नवऱ्याकडे राहत. तरी निकाल लागे आणि बाई मोकळी होई. इंग्रजी न्यायालयांनी एकोणिसाव्या शतकात जातपंचायतीचा हा अधिकार आक्रसत नेला. नवऱ्याच्या संमतीशिवाय जातीने लग्न मोडणं मुंबईच्या उच्च न्यायालयाला मान्य नव्हतं. त्याच न्यायालयात १८८४ पासून रखमाबाईंचा खटला चालला. अजाणत्या वयात लावलेल्या लग्नाच्या नवऱ्याकडे नांदायला जाणार नाही, म्हणून त्या तुरुंगात जायला तयार झाल्या. १८८८ मध्ये तडजोड होऊन प्रकरण मिटलं. रखमाबाई सुतार समाजातल्या होत्या. त्यांच्या जातीच्या रूढीने सुटका मिळाली असती की नाही हा वाद बाजूला ठेवू, इंग्रजी कायद्याने मात्र त्यांना नांदायला जाण्याचाच हुकूम दिला.

दुसरीकडून वरच्या जातींचं अनुकरण सुरू होतं. जी जात वर चढू पाहते ती आधी आपल्या बायकांचा पाट बंद करते, हे महाराष्ट्रात गावोगाव घडलं. ‘आमच्यात सोडचिठ्ठी नाही’ हे वाक्य प्रतिष्ठेचं झालं. पुरुषाला दुसरी करायला कुठलीच आडकाठी नव्हती, त्यामुळे या प्रतिष्ठेचा सगळा खर्च बाईच्या माथी आला.

कायद्याने दार पुन्हा उघडलं ते तुकड्यातुकड्यांनी, आणि कोणत्या तुकड्यात कोण राहतं हे राजवटींच्या हद्दींनी ठरवलं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१९ मध्ये काडीमोडाचा कायदा केला. बडोद्यात सयाजीरावांनी १९३१ मध्ये हिंदू घटस्फोटाचा कायदा आणला. गोव्यात पोर्तुगालच्या १९१० च्या कायद्याने घटस्फोट आला. तिथे लग्नाची नोंद सक्तीची, त्यामुळे लग्न मोडलं की तेही दप्तरात येणारच. मुंबई प्रांताने १९४६ मध्ये हिंदू पुरुषाच्या दुसऱ्या लग्नाला बंदी घातली आणि १९४७ मध्ये घटस्फोटाचा कायदा केला. हे कायदे नगर जिल्ह्यापर्यंत आले आणि हद्दीवर थांबले. पलीकडे आष्टी, पाटोदा, बीड. तिथे निजामाचं राज्य होतं. सप्टेंबर १९४८ मध्ये ते संपलं, पण हैदराबाद राज्य वेगळंच राहिलं. १९५५चा हिंदू विवाह कायदा आला तेव्हा कुठे नगरची लेक आणि बीडची लेक एका कायद्याखाली आल्या. सोयरिकी तर या हद्दीच्या आरपार पिढ्यानपिढ्या होत आल्या आहेत.

१९५५च्या कायद्याने रूढीने होणारा घटस्फोटही कलम २९(२) मध्ये जिवंत ठेवला, आणि अनुसूचित जमातींना कायद्याच्या बाहेरच ठेवलं. नंदुरबारकडच्या भिल्ल-पावरांत पंच बसतात, देज म्हणजे वधूमूल्य परत करतात आणि लग्न मोडतं. त्याची नोंद कुठल्याच कोर्टात सापडणार नाही. बीडमध्ये हे कलम वेगळ्याच रूपात वापरात आहे. दोन्हीकडचे चार लोक बैठक घेतात, स्टँप पेपरवर फारकत लिहितात, नोटरीचा शिक्का मारतात आणि सगळे आपापल्या घरी जातात. कोर्टापुढे हा कागद तेव्हाच टिकतो, जेव्हा त्या जातीत तशी रूढी होती हे पुराव्याने सिद्ध होतं. ‘आमच्यात सोडचिठ्ठी नाही’ असं तीन पिढ्या सांगत आलेल्यांनी ते सिद्ध कसं करायचं? कागद टिकला नाही तर दुसरं लग्न बेकायदा, आणि त्या दुसऱ्या बायकोला पोटगी मागण्याचाही हक्क नाही असं सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये म्हटलं. पुढच्या निकालांनी, विशेषतः फसवून लग्न लावलेल्या बायकांच्या बाबतीत, त्याची धार कमी केली. तरी नोटरीच्या एका शिक्क्यावर दोन बायकांचं आयुष्य टांगलेलं राहतं.

प्रदेशानुसार घटस्फोटाचा आकडा का बदलतो, याची भारतीय उत्तरं बहुतेकदा नातेव्यवस्थेपासून सुरू होतात. इरावती कर्व्यांनी १९५३ मध्ये देशाचे नातेसंबंधांचे पट्टे आखले आणि महाराष्ट्राला उत्तर-दक्षिणेच्या सांध्यावर ठेवलं. टिम डायसन आणि मिक मूर यांनी १९८३ मध्ये त्या नकाशावर लोकसंख्याशास्त्र बसवलं: उत्तरेत मुलगी लांब, अनोळखी घरात जाते, माहेर तुटतं, म्हणून तिची पत कमी, दक्षिणेत नात्यात आणि जवळ देतात, म्हणून तिचं बळ जास्त. मराठवाड्यात मामाच्या मुलीशी लग्न ही जुनीच रीत. या सिद्धांताने पाहिलं तर बीडच्या बाईला सासर सोडणं सोपं जायला हवं. सोडून येणं खरंच सोपं आहे; भाऊ येऊन घेऊन जातो. अडतं ते पुढे. सासूच आत्या असेल तर बाप बहिणीविरुद्ध कोर्टात साक्ष देईल का? ज्या नात्याने तिला माहेरी आसरा दिला, तेच नातं तिला निकालापर्यंत जाऊ देत नाही. कर्व्यांच्या नकाशाला इथे एक दुरुस्ती हवी आहे आणि या संग्रहातला एक लेख ती सुचवतो.

नात्यापेक्षाही मोठं कारण बीडमध्ये उसाच्या फडात आहे. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात, पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी, केज, परळीच्या कोरडवाहू गावांतून दसरा-दिवाळीनंतर काही लाख माणसं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. या धंद्यात नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस अर्धा कोयता. मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती कोयत्यावर: पन्नास हजारांपासून लाखभर, कधी त्याहून अधिक. करार नवऱ्याशी, अंगठा नवऱ्याचा, फेड मात्र दोघांच्या घामातून. बाईच्या वाट्याची वेगळी मजुरी कुठे लिहिलेली नसते. अशा ठिकाणी लग्न मोडलं तर करारच मोडतो. उचल फिटली नसेल तर मुकादम बाईच्या बापाच्या दारात येतो. बैठकीत ‘पोरीला या सीझनपुरतं तरी धाडा’ असा तोडगा निघतो तो याच कारणाने. पोटगीच्या आधी चर्चा उचलीची होते.

लग्न लवकर लावण्याचं कारणही इथूनच निघतं. पोरगा अर्धा कोयता राहिला तर उचल अर्धी. लग्न लावून दिलं की पूर्ण. वयात आलेली मुलगी गावात म्हाताऱ्यांपाशी ठेवून फडावर जायची भीती, आणि सोबत नेऊन फडावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, ठेवायची त्याहून मोठी भीती. आईबाप काही दुष्ट नाहीत, ते हिशोब करतात. या हिशोबाने लागलेल्या लग्नाला पुढे कोर्टाची वाट कशी बंद होते, ते पाहण्यासारखं आहे. अठराच्या आत लावलेलं लग्न कायद्याने आपोआप रद्द होत नाही. मुलगी सज्ञान झाल्यावर दोन वर्षांच्या आत ते रद्द करून मागू शकते. पण अर्जात लग्नाची तारीख आणि जन्मतारीख लिहावी लागते, आणि त्या दोन तारखा एका कागदावर आल्या की तिचे आईबाप गुन्हेगार ठरतात. वकिलाच्या टेबलापर्यंत आलेली कितीतरी प्रकरणं इथून मागे फिरतात. गावपातळीवर लग्नाची नोंद करणारा ग्रामसेवकच बालविवाह प्रतिबंधक अधिकारीही असतो. म्हणजे नोंदवायला गेलं तर त्याने गुन्हा दाखल करायचा. न नोंदवलं तर त्याच्या लेखी लग्न झालंच नाही. जे लग्न झालंच नाही, ते मोडल्याचा कागद कोण देणार?

हंगामाचाही एक वाटा आहे. नोव्हेंबर ते मार्च या काळात सामनेवाला बेळगाव किंवा बागलकोटकडच्या कुठल्या तरी फडात असतो. समन्स ‘पत्त्यावर मिळून आला नाही’ असा शेरा घेऊन परत येतं. एक खाडा पडला तर मुकादम पैसे कापतो, तिथे तारखेला कोण येणार? या धंद्यात बाईचं शरीरही कराराला कसं बांधलेलं आहे, हे २०१९ मध्ये गर्भाशयं काढण्याच्या प्रकरणातून बाहेर आलं. तीन वर्षांत जिल्ह्यातल्या खासगी रुग्णालयांत ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्याचं विधिमंडळात सांगितलं गेलं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२ हजारांवर ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीत १३ हजारांवर स्त्रियांची गर्भपिशवी काढलेली आढळली. तिशीतच पिशवी काढलेली आणि वजन उचलू न शकणारी बाई कोयत्याला अपुरी पडू लागली, की तिला माहेरी धाडणं किती सोपं होतं, हे त्या अहवालांच्या पलीकडचं आहे. या पुस्तकात ते आलं आहे.

कोकणाशी तुलना केली तर फरक कळतो. तिथला चाकरमानी एकटा मुंबईला गेला, बाई घरी राहिली, मनीऑर्डर येत राहिली. नवरा-बायको वर्षातले अकरा महिने वेगळे, तरी त्याला कोणी विभक्त म्हटलं नाही. कोकणातलं लग्न अंतरावर टिकलं, बीडचं लग्न करारावर.

त्यात २०११चा आणखी एक आकडा मिसळा: बीडमध्ये सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे ८०७ मुली, राज्यातलं सर्वांत खालचं प्रमाण. २००१ मध्ये ते ८९४ होतं. परळीतल्या गर्भपात प्रकरणाने २०१२ मध्ये त्यामागचा धंदा उघड केला. त्या वर्षांत जन्मलेले मुलगे आता लग्नाच्या वयाला येत आहेत आणि मुली मिळत नाहीत. मुलींचा तुटवडा पडला की बायकांची किंमत वाढते, असं पुस्तकी अर्थशास्त्र सांगतं. प्रत्यक्षात टाकलेल्या मुलीला घाईने, स्टँप पेपरच्या फारकतीवर, जास्त वयाच्या बिजवराला देण्याचं प्रमाण वाढायला यातून वाव मिळतो. मोडलेलं लग्न न सुटताच दुसरं लागतं आणि आकड्यातून नाहीसं होतं. जावाचं दार इथे अर्धवट, चोरून उघडतं आहे, असंही म्हणता येईल.

टाकलेल्या बायकांचा प्रश्न सार्वजनिक केला तो विद्यापीठांनी नव्हे, चळवळींनी. २० मार्च १९८८ रोजी संगमनेरला समता आंदोलनाने परित्यक्तांची परिषद घेतली, अ‍ॅड. निशा शिवूरकर यांनी पुढे हा लढा सविस्तर लिहून ठेवला. सांगलीकडे इंदूताई पाटणकर आणि स्त्रीमुक्ती संघर्ष चळवळ, मराठवाड्यात एकल महिलांच्या संघटना, अंबाजोगाईत मानवलोक आणि डॉ. शैला लोहिया यांचा मनस्विनी महिला प्रकल्प, यांनी रेशनकार्डावर वेगळं नाव, घरासाठी जागा, पोटगीची रक्कम अशा साध्या वाटणाऱ्या मागण्या लावून धरल्या. तेव्हा फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली पोटगीला पाचशे रुपयांची कमाल मर्यादा होती. महाराष्ट्राने ती १९९९ मध्ये दीड हजारांवर नेली आणि २००१ मध्ये केंद्राने मर्यादाच काढून टाकली. या चळवळींनी घटस्फोटाची मागणी सहसा पुढे केली नाही, हे लक्षात घेण्यासारखं आहे. घटस्फोट मिळाला तर नवरा मोकळा होतो आणि माझ्या हाती काहीच राहत नाही, हा बायकांचा हिशोब त्यांना ठाऊक होता. कायद्याने घटस्फोटितेलाही पुन्हा लग्न करीपर्यंत पोटगी मिळते. पण गळ्यात मंगळसूत्र असलेल्या बाईचा शब्द बैठकीत जड पडतो, आणि मुलांच्या नावावर जमीन लागण्याची आशा तुटत नाही. घटस्फोट कमी असण्यामागे बायकांची ही निवडही आहे. तिला अज्ञान म्हणणं उद्धटपणाचं होईल.

मुस्लीम समाजाविषयी इथे थोडक्यातच लिहितो, कारण त्यावर पुस्तकात स्वतंत्र आणि जाणकार लेखन आहे. १९६६ मधला हमीद दलवाईंनी काढलेला सात स्त्रियांचा मोर्चा, शाहबानो, २०१७चा निकाल, २०१९चा कायदा ही मालिका वाचकांना माहीत असते. एका दमात दिलेला तिहेरी तलाक बेकायदा ठरल्यावर काही घरांत तलाक न देता सोडून देणं सुरू झालं का, म्हणजे मुस्लीम बाई हिंदू बाईच्याच रांगेत येऊन उभी राहिली का, हा विचारण्याजोगा प्रश्न आहे. भटक्यांच्या जातपंचायतींचंही तसंच. बीडच्या हद्दीलगत मढीच्या यात्रेत बसणाऱ्या पंचायतींवर सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याने टाच आली, ते योग्यच झालं. पण लग्नाचे तंटे मिटवण्याची त्यांची जागा कोणी घेतली, हे विचारायचं राहून गेलं.

हे पुस्तक आत्ताच का, याला दोन कारणं आहेत. २०२४ मध्ये आलेल्या लाडकी बहीण योजनेत विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता, निराधार अशा स्त्रिया पात्र ठरवल्या गेल्या. संजय गांधी निराधार योजनेतही परित्यक्तेला जागा आहे. सरकारने परित्यक्ता हा दर्जा मान्य केला, पण तो सिद्ध करणारा सर्वमान्य कागद दिला नाही. तलाठी, सरपंच, पोलीस पाटील, तहसील असा दाखल्याचा फेरा बाईला मारावा लागतो, आणि ज्यांच्याकडून दाखला घ्यायचा त्यांतले निम्मे त्या बैठकीत बसलेले असतात.

दुसरं कारण येणारी जनगणना. गणतीचा संदर्भदिन १ मार्च २०२७ आहे, म्हणजे घरोघरची मोजणी फेब्रुवारीत. २०११ मध्येही ती ९ ते २८ फेब्रुवारीलाच झाली होती. फेब्रुवारी हा गाळपाचा भर. त्या काळात जे घरी नसतात ते जिथे सापडतील तिथे मोजले जातात. म्हणजे बीडची नांदती जोडपी कोल्हापूर, सांगली, बेळगावच्या लोकसंख्येत जमा होतात, किंवा कोपीपर्यंत प्रगणक पोचला नाही तर कुठेच नाही. माहेरी बसलेली बाई मात्र गावातच असते. ती बीडमध्ये मोजली जाते, तीही भावाबरोबर अर्धा कोयता म्हणून गेली नसेल तरच. अशा गणतीतून निघालेलं जिल्ह्याचं प्रमाण इतर जिल्ह्यांशी कसं ताडून पाहायचं, याचा विचार प्रगणकांच्या प्रशिक्षणाआधी व्हायला हवा.

पुस्तकाची रचना मुद्दाम समतोल ठेवलेली नाही. कायद्यावरचा भाग आटोपशीर आहे, कारण त्यावर मराठीत चांगली पुस्तकं आहेत. ऊसतोड, बैठक आणि स्टँप पेपर यांवरचा भाग मोठा आहे, कारण त्यावर फारसं लिहिलेलं नाही. पुरुषांची बाजू आली आहे. उचल डोक्यावर आणि बायको माहेरी, अशा अर्ध्या कोयत्यांचीही एक गोष्ट आहे. बायकांची नावं, गावं बदलली आहेत. आकडे जिथे तुलनेला अपुरे आहेत तिथे तक्ता घातलेला नाही.

एका मुद्द्यावर लेखकांत एकमत झालेलं नाही आणि आम्ही ते घडवून आणलेलंही नाही. बैठकीत झालेल्या फारकतीची नोंद ग्रामपंचायतीत किंवा तालुक्याच्या विधी सेवा समितीपुढे करण्याची सोय असावी का? एका बाजूचं म्हणणं, त्याने बाईच्या हातात निदान तारखेचा कागद येईल, दुसरं लग्न उघड होईल आणि पोटगीचा आकडा लिहिला जाईल. दुसऱ्या बाजूला भीती वाटते की बैठकीतल्या दडपणालाच त्यामुळे सरकारी शिक्का मिळेल. आज कच्चा असलेला कागद उद्या पक्का झाला तर बाईला कोर्टात जायची उरलीसुरली वाटही बुजेल. माझा कल पहिल्या बाजूकडे आहे, पण एका अटीवर: सही करण्याआधी बाईशी, सासर-माहेरच्या कोणाही पुरुषाच्या गैरहजेरीत, बाहेरच्या एखाद्या बाईने बोललं पाहिजे. ही अट अमलात कशी आणायची, यावर दोन्ही बाजूंचे लेख एकापाठोपाठ छापले आहेत, ते तसेच सलग वाचावेत.